भर दुपारचं पितळ

कापडछपाईच्या त्या कारखान्यात रंगकाकांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं, आणि तेव्हा ते स्वतःच मान वळवून बघायचे, हा कोण बुवा नवा माणूस लागला म्हणून. एरवी ते सगळ्यांचे रंगकाका. छपाईच्या लांब टेबलांच्या पलीकडे, जिन्याखाली, त्यांची रंगखोली होती. तिथे ओळीने पिंपं, प्रत्येक पिंपात घट्ट पांढरी खळ, भिंतीला टांगलेले मग, आणि एकच खिडकी. त्या खिडकीत काका सकाळपासून उभे असायचे, रंगानं माखलेली ढवळणी उजेडात धरून. खळीत रंग किती घालायचा हे ते कशावरूनही मोजत नसत. छटांचं छापील पुस्तक थोरल्या मालकांनी एकदा आणून दिलं होतं. काकांनी ते लंगड्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं आणि टेबल पहिल्यांदाच सरळ उभं राहिलं. रंग त्यांच्या डोक्यात असत. आज केलेला निळा मागच्या वर्षीच्या निळ्याशेजारी ठेवला तर कुठला आजचा हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे, आणि याचा त्यांना भारी अभिमान.

दुसऱ्या कारखान्यांत रंगांना नंबर असतात. इथे रंगांना कवितेतली नावं होती, आणि तीही एकाच कवीच्या कवितेतली.

त्याचं असं झालं. काकांच्या लग्नात कुणीतरी एक कवितासंग्रह भेट दिला. देणाऱ्यालाही तो कुणाकडून तरी आलेला असावा, कारण पहिल्या पानावरचं एक नाव नीट गिरवून गिरवून खोडलेलं होतं. शाळेत पाठ केलेल्या सोडल्या तर काकांनी आयुष्यात कविता वाचलेली नव्हती. पण लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत नवराबायकोला एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना, तेव्हा ते ते पुस्तक मोठ्यानं वाचत बसले. कवी काही फार गाजलेला नव्हता. लांबच्या एका तळ्याकाठच्या गावात शाळामास्तर होता, तिथेच राहिला, तिथेच म्हातारा होऊन वारला. पण त्याला रंग दिसायचे. ‘पुलाखालचा गप्प हिरवा’ असं त्यानं एके ठिकाणी लिहिलं होतं, आणि तिथे काका वाचता वाचता थांबले. हा हिरवा त्यांच्या ओळखीचा होता. गेला महिनाभर ते तोच करायला बघत होते आणि जमत नव्हतं, कारण त्यांचा हिरवा सारखी बडबड करत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात चिमूटभर तांबडा टाकला आणि त्याचं तोंड बंद केलं.

त्या दिवसापासून रंगखोलीत कवी नोकरीला लागला म्हणायला हरकत नाही. ‘गप्प हिरवा’ झाला, ‘उशिराचा निळा’ झाला, ‘वाळती संध्याकाळ’ नावाचा एक तांबूस-भुरा झाला. छपाईवाले टेबलावरून ओरडायचे, ‘‘काका, गप्प संपत आला!’’ नवा कामगार आला की दोन-चार दिवस त्याला वाटायचं आपण वेड्यांच्या बाजारात येऊन पडलोय. मग तोही खुशाल म्हणायला लागायचा, ‘‘अभ्र्यांना उशिराचा घेऊ की संध्याकाळ चालेल?’’ पुढे पुढे तर गिऱ्हाइकंही त्याच नावानं चादरी मागू लागली. त्यांतल्या बहुतेकांनी त्या कवीचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं, पण ती रोज रात्री त्याच्या ओळींवर झोपत होती.

काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, त्याच कारखान्यात शिवणविभागात उशांचे अभ्रे शिवायच्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी काम सोडलं. त्या बोलायला रोखठोक. कवितेतलं आपल्याला काही कळत नाही, असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या, पण काका एखादी ओळ चुकले की स्वयंपाकघरातून दुरुस्तीही करायच्या.

सुट्टी मिळाली की काका पुस्तक उघडून बसायचे आणि जागा शोधायचे. लोक समुद्र बघायला जातात, डोंगर बघायला जातात. हे दोघं ओळी बघायला जायचे. तो पूल त्यांनी पाहिला. ज्या विटेच्या भिंतीला टेकून संध्याकाळ वाळते असं कवी म्हणतो, ती भिंतही त्यांनी हुडकून काढली. तिच्या पलीकडे टायरचं गोदाम निघालं आणि तिथल्या रखवालदारानं दोघांना चोर समजून बराच वेळ बसवून ठेवलं. काका रंगांची पेटी बरोबर न्यायचे. जागेवर उभं राहून, समोरचा रंग बघून, ते कापडाच्या एका पट्टीवर छटा उतरवायचे. घरी आल्यावर काकू त्या पट्टीच्या कडा दुमडून शिवायच्या आणि झोपायच्या खोलीच्या दाराला मागून खिळ्यांवर टांगायच्या. पण त्याआधी त्या पट्टीच्या मागच्या बाजूवर, कापडावर खुणा करायच्या पेननं, काहीतरी लिहायच्या. काय लिहायचं ते त्यांचं त्या ठरवायच्या. पुलाच्या पट्टीमागे लिहिलं होतं, ‘‘खाली दगड फार. हिरवा खरंच गप्प आहे. हे गप्प नव्हते.’’ भिंतीच्या पट्टीमागे होतं, ‘‘चोर म्हणून पकडले. रखवालदार भला. चहा दिला. भिंत बरी.’’ काका कधीकधी दार लावून पट्ट्या उलट्या करून वाचायचे आणि एकटेच हसायचे. कवीपेक्षा हिचंच बरं जमलंय, असं त्यांना वाटून जायचं, पण ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. तिनं लिहिणंच सोडलं असतं.

एका ओळीशी मात्र काकांचं भांडण होतं. पुस्तकाच्या अगदी शेवटी तळ्यावरची एक छोटी कविता होती.

भर दुपारी पितळ झालं पाणी,
कुणी घासून पालथं ठेवलं तळं.

तरुणपणी, लग्नाला वर्षही झालं नसताना, दोघं पहिल्यांदा त्या तळ्यावर गेले ते या दोन ओळींसाठी. भर दुपारी काठावर जाऊन उभे राहिले. तळं निळं होतं. चांगलं स्वच्छ, धुतल्यासारखं निळं. काकांनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं, वाकून बघितलं, झाडावर चढायलाही निघाले होते. तळं निळं ते निळंच. कुणी म्हणालं, संध्याकाळी बघा, सोनेरी होतं. काका म्हणाले, संध्याकाळी कुठलंही डबकं सोनेरी होतं, त्याला कवी कशाला लागतो; यानं भर दुपारी लिहिलंय. ते इतके नाराज झाले की त्यांनी पेटी उघडलीसुद्धा नाही. पांढरी कोरी पट्टी तशीच परत आली. काकूंनी तीही शिवली आणि मागे लिहिलं, ‘‘तळं निळं. कवी खोटा निघाला. हे रुसले. मी नाही.’’

ती कोरी पट्टी दारावर वर्षानुवर्षं लटकत राहिली. संग्रहातली जवळजवळ प्रत्येक रंगीत ओळ कापडावर आली होती, तेवढी एक सोडून. बाकी सगळीकडे खरं बोलणारा माणूस शेवटी शेवटी असं का लिहून गेला, हे काकांना कळत नव्हतं, आणि आपला माणूस आपल्याशी खोटं बोलला की लागतं तसं ते त्यांना लागलं होतं.

मग काका म्हातारे झाले. हे त्यांना कळायला जरा वेळ लागला.

कळलं ते असं. एका मोठ्या रुग्णालयाच्या चादरींचं काम होतं, ‘उशिराचा निळा’. काकांनी नेहमीसारखा डोक्यातून रंग काढला, खिडकीत धरला, थोडा निळा कमी वाटला म्हणून आणखी घातला, तरी कमी वाटला म्हणून आणखी घातला. छपाई झाली. चादरी वाळत पडल्या तेव्हा सगळं टेबल गोळा होऊन बघत राहिलं. निळा असा भडक झाला होता की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. काका तेवढे समाधानानं बघत होते.

थोरले मालक जाऊन आता त्यांची मुलगी कारखाना बघत होती. लहानपणी ती काकांच्या पिंपांत हात बुचकळून मार खाल्लेली. सगळे तिला छोटी मालकीण म्हणत. तिनं काकांना बाजूला घेतलं आणि जुन्या चादरीचा तुकडा नव्या चादरीवर ठेवला.

‘‘काका, हे दोन्ही एकच दिसतात तुम्हाला?’’

काकांनी पाहिलं. एकच दिसत होते. पण तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की ते एक नाहीत.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगला मुरलेला. इतकी वर्षं तुम्ही चहाच्या गाळणीतून जग बघताय. निळा तुम्हाला दिसतच नव्हता, म्हणून तुम्ही घालत सुटलात. आधी उजवा डोळा करू, मग थोड्या दिवसांनी डावा.

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा समोर काकू उभ्या होत्या. काकांनी डोळा उघडला, बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलले, ‘‘अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?’’

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. थेंब घालायच्या, औषध द्यायच्या, पण तोंडातून शब्द नाही. काका बिचारे घरभर फिरत, बादली बघत, पडदे बघत, काकूंचा स्वेटर बघत. स्वेटर जांभळा होता. इतकी वर्षं ते त्याला तपकिरी समजत होते. पण खरी पंचाईत वेगळीच होती. उजवा डोळा नवा, डावा जुना, दोन्ही दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगायला लागले. दोन्ही उघडे ठेवले की डोकं धरायचं, म्हणून काका कधी एक मिटत, कधी दुसरा.

छोट्या मालकिणीनं स्पष्ट सांगून टाकलं होतं, दुसरा डोळा होईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही. हंगामाचं मोठं काम येऊ घातलंय. दुसऱ्या डोळ्याची तारीख चुकवू नका, नाहीतर मला ते काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल. ती प्रेमानंच बोलली, पण गोष्ट खरी होती आणि काकांना ती कळत होती.

तरी घरी करमेना म्हणून एक दिवस ते काळा चष्मा लावून कारखान्यात जाऊन बसले. मागच्या अंगणात कापड धुवायचा हौद होता, त्याला आतून निळ्या फरश्या. दुपारची वेळ, ऊन डोक्यावर. काकांनी चष्मा काढला, उजवा डोळा मिटला आणि हौदाकडे पाहिलं.

हौदात पितळ होतं.

घासलेलं, झळझळणारं, डोळ्यांत घुसणारं पितळ. काकांनी घाईघाईनं डावा मिटला आणि उजवा उघडला. निळं पाणी, निळ्या फरश्या. पुन्हा डावा. पितळ. एक बाई धुतलेलं कापड पिळता पिळता थांबून त्यांच्याकडे बघत राहिली, कारण म्हातारा हौदाला आळीपाळीनं डोळे मारत होता.

घरी येऊन काकांनी पुस्तक काढलं. मलपृष्ठावर कवीचं वय होतं, आतल्या कवितांखाली सालं होती. हिशेब करायची गरजही पडली नाही. ती शेवटची कविता सत्तरी उलटलेल्या माणसाची होती.

‘‘तो खोटं बोलत नव्हता,’’ काका म्हणाले. ‘‘अगं, त्याला मोतीबिंदू होता! त्याला दिसलं ते त्यानं लिहिलं. तरुण डोळ्यांनी जाऊन आपणच त्याला खोटं ठरवलं.’’

काकूंनी दोन दिवसांचं मौन सोडलं. ‘‘बरं. झालं ना समाधान? आता जेवा.’’

‘‘मला तळ्यावर जायचंय.’’

‘‘जाऊ की. दुसरा डोळा झाला की जाऊ.’’

‘‘दुसरा झाला की पितळ गेलं,’’ काका म्हणाले. आणि त्यांनी जे सांगितलं ते एखाद्या रंगाऱ्यालाच सुचू शकलं असतं. दोन्ही डोळे जुने असते, तर तळंही पितळ दिसलं असतं आणि हातातला निळा रंगसुद्धा पितळच दिसला असता. त्यांनी निळाच लावला असता आणि समजले असते की जमलं. दोन्ही नवे झाले की पितळ दिसणारच नाही. पण आत्ता, या मधल्या दिवसांत, एक जुना आहे आणि एक नवा आहे. जुन्यानं तळं बघायचं, नव्यानं रंग बघायचा. त्याला दिसलं ते सगळ्यांना दिसेल असं कापडावर आणायचं. हे पुन्हा कधीच जमणार नाही.

‘‘धूळ लागेल डोळ्याला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘वाकायचं नाही म्हणालेत डॉक्टर. जड उचलायचं नाही. आणि तारीख परवावर आलीय.’’

‘‘उद्या जाऊ, दुपार बघू, रात्री परत.’’

‘‘तुमच्या त्या कवीनं डोळ्याचं ऑपरेशन वेळेवर केलं असतं तर माझा जीव सुटला असता,’’ असं म्हणून काकू उठल्या आणि रंगांची पेटी स्वतःच्या पिशवीत भरू लागल्या. जड उचलायचं नव्हतं ना.

तळ्याकाठच्या गावात ते पोचले तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. पाणी शिशासारखं करडं, दोन्ही डोळ्यांना सारखंच करडं. दोघं काठावर बसले. दुपार आली तशी गेली. वेळ घालवायला म्हणून काकूंनी त्यांना कवीच्या घरी नेलं. घराची एक खोली बघायला उघडी ठेवलेली होती आणि कवीची नातसून ती सांभाळायची. टेबल, खुर्ची, चपला, आणि बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा.

‘‘शेवटी शेवटी फार कटकट करायचे म्हणे,’’ नातसून सांगत होती. ‘‘या खिडकीला पांढरे पडदे लावले होते, तर म्हणायचे पिवळे कशाला आणलेत. सासूबाईंनी काढून धुतले, पुन्हा लावले. तरी म्हणायचे, पिवळेच. घरात त्यावरून वाद. ऑपरेशन करा म्हटलं तर तयार नाहीत.’’

काका चष्म्यासमोर उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नव्या डोळ्याला लागू नये अशा बेतानं जुना तेवढा पुसला.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘‘चल. गाडीची वेळ झाली. कळलं ते कळलं. कापडावर नाही आलं तर नाही.’’ ते खरंच निघाले होते. त्यांना कामाची काळजी होती, आणि काकूंना दिवसभर दगडावर बसवल्याचं वाईटही वाटत होतं.

काकू म्हणाल्या, ‘‘तुम्ही इथे थांबा. मी पाण्याची बाटली घेऊन येते.’’

पाण्याची बाटली आणायला त्यांना बराच वेळ लागला. आल्या त्या म्हणाल्या, ‘‘त्या नातसुनेकडे माडीवर एक खोली आहे. एका रात्रीपुरती देते म्हणाली. उद्या ऊन पडेल.’’

‘‘आणि तारीख?’’

‘‘बघू.’’

‘‘अगं, बघू काय?’’

‘‘बघू म्हणजे बघू. इतकी वर्षं तुमच्या पट्ट्या शिवल्या, ती एक पट्टी कोरी लटकलेली मला रोज दिसते. झाडताना हाताला लागते. चला आता, मला गुडघे पसरायचेत.’’

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. असं पडलं की काकूंनी डोक्यावर वर्तमानपत्र धरलं. काकांनी काठावर एका सपाट दगडावर पेटी उघडली. वाकायचं नव्हतं, म्हणून पेटी काकूंच्या मांडीवर आली. उजवा डोळा तळहातानं झाकून काकांनी तळ्याकडे पाहिलं, आणि मग किती वेळ ते हललेच नाहीत.

‘‘आहे का?’’ काकूंनी विचारलं.

‘‘आहे,’’ काका म्हणाले. ‘‘जसंच्या तसं आहे गं. पालथं ठेवलंय.’’

मग कामाला लागले. जुन्यानं तळं, नव्यानं पट्टी. हात एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. पिवळा, त्यात भुरा, जरासा काळा, नको, काळा नको, थोडा हिरवा. ओली पट्टी पुसली, पुन्हा लावली. एकदा घाईत डोळा झाकणारा हात चुकला आणि ते जुन्या डोळ्यानंच रंग मिसळत बसले. भानावर आले तेव्हा पट्टीवर निळा चढला होता. ती पट्टी त्यांनी फेकली आणि दुसरी घेतली. काठावर फिरायला आलेलं एक कुटुंब लांबूनच वळसा घालून गेलं.

शेवटी काकांनी पट्टी काकूंसमोर धरली. ‘‘कसं वाटतंय?’’

‘‘मला? मला शेणकाल्यासारखं वाटतंय.’’

‘‘तळं कसं दिसतंय तुला?’’

‘‘मळकट निळं. मागच्या वेळी जरा चांगलं निळं होतं.’’

काकांनी पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहिलं आणि कुंचला खाली ठेवला. तेच होतं. चमक कापडावर येत नाही, ती कुणाच्याच हातात नाही, पण रंग तोच होता. आपण केलेल्या सगळ्या रंगांत हा एकच खरा कठीण होता असं त्यांना वाटलं, आणि आयुष्यात फार कमी वेळा होतं तसं त्यांना निखळ बरं वाटलं.

‘‘आता माझ्याकडे बघा,’’ काकू एकदम म्हणाल्या. ‘‘आधी जुन्यानं.’’

काकांनी पाहिलं. ‘‘पितळेची दिसतेस. आणि सुरकुती एकही नाही.’’

‘‘आता नव्यानं.’’

काकांनी हात बदलला. पांढरे केस, जांभळा स्वेटर, डोक्यावर वर्तमानपत्र, मांडीवर रंगांची पेटी. ‘‘नव्यानं तू रागावलेली दिसतेस,’’ ते म्हणाले.

‘‘रागावलेलीच आहे. थेंब घालायची वेळ केव्हाच टळून गेलीय. मान मागे करा.’’

परतीच्या गाडीत, गाव मागे पडल्यावर, काकूंनी सांगितलं की काल पाण्याची बाटली आणायला गेल्या तेव्हा त्यांनी दोन फोन केले होते. रुग्णालयाला सांगितलं, यांना खोकला झालाय, तारीख पुढची द्या. दुसरा छोट्या मालकिणीला. तिलाही खोकलाच सांगितला.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, काकू, तळ्यावर वारा असतो, काकांना मफलर बांधा.’’ काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. ‘‘आणि म्हणाली, हे काम मला आता बाहेर द्यावं लागेल. पुढचं तुमचं.’’

हंगामाचं काम गेलं होतं. ते वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण बायको आपल्यासाठी दोन ठिकाणी खोटं बोलली याचाच आनंद इतका होता की वाईट वाटायला जागा कमी पडत होती. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. ‘‘जड आहे,’’ असं म्हणून काकूंनी ती परत ओढून घेतली.

डावा डोळा पुढच्या तारखेला झाला. काका कामावर परत गेले, निळा पुन्हा उशिराचा झाला, टेबलं पुन्हा ओरडू लागली. डोकं धरायचं थांबलं. सगळं स्वच्छ, कोरं, लखलखीत दिसायला लागलं, आणि एके दिवशी काकांनी खोलीचं दार लावून तळ्याची पट्टी हातात घेतली.

काकूंनी तिच्या कडा शिवल्या होत्या. जुनी कोरी पट्टी काढून तिच्याच खिळ्याला टांगली होती. काकांनी ती खिडकीत धरली, जवळ नेली, लांब नेली. मळकट पिवळं-भुरं कापड होतं ते. हेच का ते? जराही पितळ वाटत नव्हतं. आता तळ्यावर गेलो तर तळं निळं दिसणार. पट्टी कशाशी ताडून बघणार? ज्या डोळ्याला ठाऊक होतं तो डोळा डॉक्टरांनी काढून टाकला होता, आणि ज्या दुसऱ्या माणसाला ठाऊक होतं तो कवी केव्हाच वारला होता. जमलं होतं की नाही, हे आता जगात कुणीच सांगू शकत नव्हतं. काका पलंगावर बसले. त्यांना त्या कवीची आठवण आली. पांढऱ्या पडद्यांवरून सगळं घर त्याच्याशी भांडत होतं, तेव्हा त्याला किती एकटं वाटलं असेल, हे त्यांना आत्ता कळलं.

सवयीनं त्यांनी पट्टी उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

‘‘अगं,’’ त्यांनी हाक मारली. ‘‘यावर काही लिहिलं नाहीस?’’

काकू ओले हात पुसत दारात आल्या.

‘‘तुमचा दुसरा डोळा झाला ना, त्या दिवशी डॉक्टरांनी माझेही तपासले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन्हीत आहे. अजून पिकलेला नाही म्हणाले, थोडी वर्षं जातील. मी म्हटलं, घाई नाही, पिकू दे चांगला. आणि करताना एकदम दोन्ही करायचे नाहीत, आधी एकच, असं आत्ताच सांगून ठेवलंय.’’

काकांनी हातातली पट्टी नीट सरळ केली.

‘‘मधल्या दिवसांत तळ्यावर जायचं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘भर दुपारी. जुन्यानं तळं बघीन, नव्यानं पट्टी बघीन, आणि मग लिहीन.’’

डोळे दोन्ही नवे होते, पण वाहायचे मात्र जुन्यासारखेच.

‘‘आणि नसेल जमलं तर?’’

‘‘तर तसं लिहीन,’’ काकू म्हणाल्या, आणि पट्टी त्यांच्या हातातून घेऊन परत खिळ्याला अडकवली, कोरी बाजू समोर ठेवून.